ओल हवेची, आंब हरभऱ्याची

उन्हाळ्यात आमच्याकडे कुठल्याही घरी गेलात तर पाणी दोन ठिकाणचं मिळतं. जुनी माणसं माठातलं देतात, पोरं फ्रिजमधली बाटली काढतात. दोन्ही भांडी बाहेरून ओली असतात. माठ बुडाकडून ओला, बाटली सगळ्या अंगानं. बघणाऱ्याला वाटेल, दोन्हीकडे एकच चाललंय. पण माठाच्या अंगावरचं पाणी आतून आलेलं असतं. मातीला बारीक छिद्रं असतात, त्यातून ते पाझरतं. बाटलीच्या अंगावरचं पाणी मात्र बाटलीतलं नसतंच. ते घरातल्या हवेतलं असतं. हवेत पाण्याची वाफ असते, ती डोळ्यांना दिसत नाही. गार बाटलीला येऊन टेकली की तिचं पाणी होतं.

म्हणजे ओल दिसायला एक, आणि तिची मुळं दोन. माणसाच्या अंगावर जे दिसतं त्याचंही मला तसंच वाटत आलंय. एखादा दारूला लागतो, एखादा चोरी करतो, एखादा भावाच्या बांधावर कुऱ्हाड घेऊन जातो. पारावर बसलेले म्हणतात, "मडकंच गळकं, दुसरं काय?" त्यातलाच एखादा म्हणतो, "परिस्थिती वाईट होती हो, त्याचा काय दोष?" दोघंही छातीला हात लावून बोलतात. मग खरं कोणाचं धरायचं? मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. न्यायनीतीचे मोठे ग्रंथ काही मी वाचलेले नाहीत. पण वाफेचं पाणी होताना मी रोज बघतो, आणि बघता बघता जे सुचत गेलं ते इथं लिहितोय.

माठ आणि तांब्यातला फरक मला पहिल्यांदा कळला तो जिभेवर. 1972 चा दुष्काळ सरला होता, 1973 ला पाऊस बरा लागला होता आणि मी आठवीत होतो. विज्ञानाच्या गुरुजींनी बाजारातल्या सोडा-लेमनवाल्याकडून भुशात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा आणला. पितळी तांब्यात पाणी घेतलं, त्यात बर्फ टाकला आणि वरून दोन चमचे मीठ. थोड्या वेळात तांब्या बाहेरून थबथबला. गुरुजींनी विचारलं, "हे पाणी कुठून आलं?"

सगळा वर्ग ओरडला, "आतनं!"

"मग चाटून बघा."

तिघाचौघांनी बोट फिरवून चाटलं. अळणी. आत खारं पाणी आणि बाहेर अळणी थेंब, तेव्हा आतून आलं म्हणायला जागाच राहिली नाही. मग गुरुजींनी आम्हाला व्हरांड्यातल्या माठाकडे नेलं. आमच्या गावचं पाणी जड. माठाच्या अंगावर क्षाराचा पांढरा थर चढलेला असायचा. "आता हे चाटा." ते खारट लागलं. गुरुजी एवढंच म्हणाले, "नुसती ओल बघून बोलू नका, चव घेऊन बोला." आम्ही हसलो. पोरं वर्षभर एकमेकांना तेच म्हणून चिडवायची.

पुढं शेतात पडल्यावर हवेतलं हे पाणी जागोजागी भेटायला लागलं. आमचा पट्टा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, पाऊस कमी आणि जमीन काळी. तीच फ्रिजची बाटली एप्रिलात बाहेर काढली तर जेमतेम धुरकटते. जूनमध्ये आभाळ भरून आलं की तिच्या खाली थारोळं साठतं. बाटली तीच, पाणीही तेवढंच गार. बदलते ती हवा. माठाचं ह्याच्या उलट असतं. कोरड्या एप्रिलात अंगावरचं पाणी भराभर उडून जातं म्हणून आतलं गार होतं. जूनमध्ये हवाच ओली असते, अंगावरचं पाणी उडत नाही, माठ नुसता चिकट ओला राहतो आणि पाणी कोमट लागतं. एकाच हवेचं एका भांड्याशी एक वागणं, दुसऱ्याशी दुसरं.

स्वयंपाकघरात तर हे बायकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. तव्यावरून काढलेली भाकरी आमची आई कधी तशीच डब्यात घालायची नाही. आधी फडक्यावर किंवा दुरडीत पसरून ठेवायची. गरम भाकरी डब्यात कोंडली की तिच्यातली वाफ झाकणाला लागते, पाणी होते, आणि तेच पाणी परत भाकरीवर पडतं. संध्याकाळपर्यंत खालची भाकरी लिबलिबीत. इथं बाहेरच्या हवेचा काही संबंध नाही. आपलीच वाफ, वर झाकण, आणि आपल्याच अंगावर पडलेलं पाणी. राग मनात कोंडून बसलेली माणसं मी अशीच झालेली बघितली आहेत. त्यांना दुसऱ्या कोणी भिजवलेलं नसतं. नुसतं झाकण कोणी काढलेलं नसतं.

दव मात्र सगळ्यांवर बाहेरूनच येतं. शाळू मोठा झाला, थंडी सुरू झाली की पहाटे रानातून चालताना धोतर गुडघ्यापर्यंत भिजतं. आमच्याकडे म्हणतात, शाळू दवावर येतो. खरं बघायला गेलं तर मालदांडी ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते. दवानं तिची तहान भागत नाही. पण सकाळी पान ओलं असतं तेवढा वेळ त्याला खालून पाणी ओढावं लागत नाही, तेवढीच मुळांना उसंत. त्या उसंतीवरही एखाद्या वर्षी कणीस भरतं.

ह्या दवाची एक गोष्ट मी फार वर्षं बघत आलोय. रानात सगळीकडे दव पडलेलं असतं, पण बांधावरच्या कडुनिंबाखाली जमीन कोरडी असते. गवताचं पातं झाडाबाहेर आहे तर ओलंचिंब, हातभर आत आहे तर कोरडं. हवा तर दोन्हीकडची एकच. मग असं का? कृषी खात्याच्या एका साहेबांनी ते मला समजावून सांगितलं. रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन आणि पानं आपली ऊब आभाळाकडे सोडून देतात आणि गार होत जातात. झाडाखालच्या पानावर फांद्यांचं छप्पर असतं. त्याची ऊब फार उडून जात नाही, म्हणून ते तेवढं गार होत नाही. दव पडतं ते ज्याच्या डोक्यावर काही नाही त्याच्यावर. ढगाळ रात्री कोणावरच पडत नाही, कारण तेव्हा सगळ्यांच्याच डोक्यावर पांघरूण असतं.

हे ऐकलं त्या दिवसापासून 'परिस्थिती' ह्या शब्दाचा अर्थ मला जरा नीट कळायला लागला. परिस्थिती म्हणजे नुसती हवा नव्हे. हवा सगळ्या गावाला सारखीच असते. दुष्काळ सगळ्या गावावर पडतो, दारूचं दुकान सगळ्या गावासाठी उघडतं, हप्त्यावर गाडी देणारा माणूस सगळ्याच दारांवरून जातो. पण ज्याच्या डोक्यावर चुलता आहे, मामा आहे, दहा एकर आहे, तो तेवढा गार पडत नाही. त्याच्या अंगावर थेंब धरत नाही. आणि आपण म्हणतो, बघा, एकाच गावातली दोन पोरं, एक कसं चांगलं निघालं!

वाफेचं पाणी व्हायला थंडीच लागते असंही नाही. गॅसची टाकी हलवून बघा, आत डुचमळल्याचं कळतं. घरच्या टाकीत 14.2 किलो गॅस असतो, आणि तो आत पाण्यासारखा पातळ असतो. त्याला कोणी थंडीत ठेवलेलं नाही, नुसतं दाबून भरलेलं आहे. जरा तोटी उघडली, दाब सुटला, की परत वारा होऊन बाहेर येतो. लग्नाच्या जेवणावळीत आचाऱ्याची मोठी शेगडी जोरात चालू असते तेव्हा टाकीकडे बघा. खालून अर्धी टाकी बाहेरून ओली झालेली असते, आणि कुठवर ओली आहे त्यावरून आचारी गॅस किती उरलाय ते ओळखतो. आत पातळ गॅसचा वारा होतोय, ते होताना तो टाकीची ऊब ओढून घेतोय, म्हणून टाकी गार पडते आणि बाहेरच्या हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. एकाच पत्र्याच्या आतल्या अंगाला पाण्याचा वारा आणि बाहेरच्या अंगाला वाऱ्याचं पाणी. दोन्ही कामं एका वेळी चाललेली. माणसाच्या घरात कर्जाचा दाब असला की असंच होतं. आत काहीतरी उडून जात असतं, आणि बाहेरच्यांना दिसतो तो फक्त अंगावरचा घाम.

आणखी एक भांडं गावोगाव येतं. गाय भरवायला डॉक्टर येतात तेव्हा त्यांच्या गाडीला जाड झाकणाचा एक कंटेनर असतो. त्यात द्रवरूप नायट्रोजन असतो, उणे 196 अंश सेल्सिअस इतका थंड. आपण ज्या हवेत उभे असतो तिच्यात शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग हाच नायट्रोजन. झाकण उघडलं की पांढरा धूर भांड्याच्या काठावरून खाली उतरतो. पोरांना वाटतं तो नायट्रोजन. नायट्रोजन दिसत नाही. तो धूर म्हणजे आपल्याच गोठ्यातल्या हवेतली वाफ, थंडीनं धुकं झालेली. मी तो कंटेनर बघतो तेव्हा मनात येतं, पुरेशी थंडी मिळाली तर आपण श्वासात घेतो ती हवासुद्धा पाणी होते. पाण्याची वाफ पहाटेच्या साध्या गारव्यात हार मानते, नायट्रोजन उणे 196 पर्यंत तग धरतो. पण त्याचाही एक अंश ठरलेला आहे. "मी असलं कधी करणार नाही," असं छाती ठोकून सांगणारा माणूस मला भेटला की वाटतं, बाबा, तुझा अंश अजून आलेला नाही एवढंच.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सगळा दोष हवेचाच, थंडीचाच, दाबाचाच. माणसाच्या माथी काहीच नको? तसं असतं तर हे सगळं लिहायची गरज नव्हती. ह्याचं उत्तर मला हरभऱ्याच्या रानात मिळालं.

हरभरा फुलात आला की पहाटे त्याच्यावर दव पडतं. पूर्वी आमच्या घरी धोतराचं धुतलेलं फडकं ह्या हरभऱ्यावरून फिरवायचे. फडकं ओलं झालं की बाटलीत पिळायचं, पुन्हा फिरवायचं. त्या पाण्याला आंब म्हणतात. चवीला कडक आंबट. पोट दुखलं, अजीर्ण झालं की आजी त्यातले थोडे थेंब पाण्यातून द्यायची. अनवाणी माणूस पहाटे हरभऱ्यातून गेला तर पायाच्या भेगा चुरचुरतात त्या ह्या आंबीमुळेच. शेजारच्या शाळूच्या पानावरचं दव मात्र चाखलं तर नुसतं पाणी. एकाच रात्री, एकाच हवेतून, एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे पडलेलं दव. शाळूवर अळणी आणि हरभऱ्यावर आंबट. कारण हरभऱ्याच्या पानाफांद्यांवर बारीक लव असते, त्या लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल सुटतं. दव येऊन ते धुऊन घेतं.

म्हणजे आंबीच्या थेंबात वाटे दोघांचे आहेत. ओल हवेची, आंबटपणा हरभऱ्याचा. हवेनं ओल दिली नसती तर आंब झाली नसती. आणि हरभऱ्यानं आपलं आंबट घातलं नसतं तर ते साधं दवच राहिलं असतं. गुरुजींनी दोन भांडी दाखवली होती, एक आतलं आणि एक बाहेरचं. माणसं बहुतेक ह्या दोन्हींत बसत नाहीत, ती हरभऱ्यासारखी असतात. त्यांच्या हातून जे घडतं त्यातली ओल किती आणि आंब किती, हे निवडावं लागतं.

निवडणं बोलायला सोपं आहे. आमच्या गावात एकदा ते करायची वेळ आली. 2016 च्या पावसानं दुष्काळ मागं पडला होता, विहिरींना पाणी होतं, आणि त्या हिवाळ्यात गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटारीची केबल एका रात्रीत कापून नेली. त्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं. 250 फूट केबल. ओढ्यात नेऊन वरचं रबर जाळलं आणि आतली तांब्याची तार भंगारात विकली. जळक्या रबराच्या वासावरूनच पत्ता लागला. पोरं दोन निघाली, दोघंही विशीतली.

त्यातल्या एकाच्या चुलत्यानं त्याच संध्याकाळी आण्णांच्या घरी जाऊन निम्मे पैसे मोजले आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर बैठक बसली तेव्हा त्या पोराचं नावही कोणी घेत नव्हतं. समोर उभा होता तो दुसरा. ह्याचा बाप दुष्काळात गेलेला, आई ऊसतोडीला. ह्यानं हप्त्यावर छोटा टेम्पो घेतला होता, तीन हप्ते थकले म्हणून तो ओढून नेलेला. वर हातउसने घेतलेल्यांचा तगादा.

बैठकीत तेच दोन सूर लागले. एक जण म्हणाला, "आरं, ह्येचा बाप तरी कुठं सरळ हुता? रक्तच तसलं. द्या पोलिसांत." दुसरा म्हणाला, "पोटाला न्हवतं म्हणून केलं त्यानं. आपल्यावर आलं असतं तर कळलं असतं." मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "काल दोन पोरं हुती. आज एकच हाय. दुसरं कुठल्या झाडाखाली गेलं ते समद्यांना ठावं हाय. रक्ताची भाषा करायची तर दोघांची करा." काही मंडळी गप्प झाली, काहींनी माझ्याकडे रागानं बघितलं. मग मी त्या पोराकडे वळलो. "हप्ते थकले ही ओल तुझी न्हवं. ती तुझ्यावर पडली. पर हप्ते गावात चाळीस जणांचे थकलेत. केबल त्यांनी कापली न्हाई. अंधारात कोयता घिऊन म्हाताऱ्या माणसाच्या विहिरीवर गेलास, ती आंब तुझी हाय. ती तुलाच निस्तरावी लागंल." पोरानं मान वर केली नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

मला वाटलं, मी बरोबर वाटे केले. तेवढ्यात आण्णा बोलले. ते तोवर एक शब्द बोलले नव्हते. "गड्या, तुझं दव, तुझा हरभरा, समदं खरं असंल. पर मोटार धा दिवस बंद राह्यली. कांदा पोसायच्या टायमाला पाणी गेलं न्हाई. समदा माल गोलटीत निघणार. त्यो कुणाच्या वाट्यात धरायचा?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आजही पुरतं नाही. ओल कोणाची आणि आंब कोणाची हे निवडून झालं, तरी ज्याच्या भेगा चुरचुरतात त्याच्या पायाचं काय? केलेल्याचा विचार करता करता ज्याच्यावर बेतलं तो माणूस बाजूला राहतो, आणि बहुतेक बैठकांत तसंच होतं. पोराची परिस्थिती सगळे सांगत होते, चिडलेले आणि कळवळलेले दोन्ही. आण्णांच्या कांद्याचं नाव आण्णांनाच काढावं लागलं.

शेवटी ठरलं ते असं. केबलीचे उरलेले निम्मे पैसे पोरानं मजुरीतून फेडायचे, आणि कांद्यात जी तूट येईल तिच्यापोटी काढणीची मजुरी त्यानं फुकट करायची. काढणीच्या तुटीत दुसऱ्या पोराच्या चुलत्यानंही वाटा द्यायचा, हे मी धरून लावलं. त्यावर बराच गोंधळ झाला, पण शेवटी तो दिला गेला. पोलिसांत जायचा हक्क आण्णांचा होता. ते गेले नाहीत. पोरगा जवळजवळ दोन महिने त्यांच्या रानात राबला. आण्णा त्याला कामापुरतं सांगायचे, त्याच्याशी त्यापलीकडे बोलले नाहीत. पुढं तो पुण्याकडे कंपनीत लागला. गावच्या जत्रेला येतो. आण्णा त्याचा रामराम घेत नाहीत, आणि त्यांनी तो घ्यायलाच हवा असं मी कधी म्हटलं नाही. क्षमा करणं ही आण्णांची मर्जी. ती गावानं ठराव करून मागायची वस्तू नव्हे.

ह्या प्रकरणानंतर गावात कोणाचंही काही बोलणं निघालं की मी आधी डोक्यावर काय होतं ते विचारतो. कोणी त्याला झाकायला होतं का? दाब कसला होता? आणि हे सगळं वजा जाता त्याचं स्वतःचं आंबट किती? शेवटचा प्रश्न विचारायला मी कचरत नाही. तो विचारला नाही तर आपण त्याला माणूस धरत नाही, नुसतं भांडं धरतो. 'परिस्थितीमुळं झालं' असं म्हणून सोडून देणं दयाळू वाटतं, पण त्यात थोडा अपमानही आहे. तुझ्या हातात काहीच नव्हतं, असं त्याला सांगणं म्हणजे पुढंही तुझ्या हातात काही नसणार असंच सांगणं.

आणि हातात असतं. माझ्या अर्ध्या एकरात द्राक्षाची बाग आहे, म्हणून हे मी अनुभवानं सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पानं कोवळी असतात आणि पहाटे दव पडतं. पान बराच वेळ ओलं राहिलं की डाऊनी येतो. आमच्याकडचे काही जण त्याला केवडा म्हणतात. चार दिवसांत घडाची माती करतो. आता दव पडणं माझ्या हातात नाही. हवेत वाफ किती, रात्री आभाळ मोकळं की ढगाळ, ह्यातलं मला कोणी काही विचारत नाही. पण पान किती वेळ ओलं राहू द्यायचं हे बरंचसं माझ्या हातात आहे. मी फुटवे विरळ करतो, बगलफूट काढतो, ओळीतून वारा खेळता ठेवतो. सूर्य जरा वर आला की पानं सुकतात. शेजाऱ्याच्या बागेत दाटी असते, तिथं दहा-अकरापर्यंत ओल राहते. दव त्याच्यावर जेवढं पडलं तेवढंच माझ्यावर. रोगाचा फरक पडला तो सुकण्यात.

पण ह्यातही एक गोष्ट आहे. वेल स्वतःची विरळणी स्वतः करू शकत नाही. ती कोणीतरी हात घालून करावी लागते. त्या पोराचा टेम्पो ओढून नेला त्या दिवशी सगळ्या गावानं बघितलं होतं. ओल तेव्हाच दिसत होती. रस्त्यानं जाताना चौघांनी त्याला थांबवून 'काय झालं रं' एवढं विचारलं असतं, तर कदाचित आण्णांचा कांदा पोसला असता. कदाचित नसताही पोसला. हरभरा शेवटी हरभराच असतो. पण आण्णांनी विचारलं होतं ना, त्यो कुणाच्या वाट्यात धरायचा म्हणून? मला वाटतं त्यातला थोडा वाटा पारावर बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या नावानं निघतो. तो कितीचा, हे मोजायचं माप मात्र मला अजून सापडलेलं नाही. तोवर एवढं करतो, की कोणाच्या अंगावर ओल दिसली तर ती सुकायच्या आत एकदा त्याच्या दारावरून जातो.